तुम्ही एकट्याने फोडलेला नारळ

सर, तुमच्या शोकसभेत सगळे चांगलंच बोलले. शेवटी मला उभं केलं. "पद्मा, तू यांच्या हाताखाली सोळा वर्षं काढलीस, दोन शब्द बोल की," असं तुमच्या घरच्या काकूच म्हणाल्या, तेव्हा नाही म्हणता येईना. मी उभी राहिले, तुमच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं आणि खरोखर दोनच शब्द बोलले. "सर गेले." मग खाली बसले. लोकांना वाटलं, हिला रडू आवरत नाही. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. मला रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि गेलेल्या माणसावरचा राग घेऊन चार माणसांत कसं बसायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. बाकी बहुतेक सगळं तुम्ही शिकवलंत.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही कुठे जन्मलात, कोणत्या खात्यातून निवृत्त झालात, ऑफिस कधी काढलंत, ते सभेत वाचून झालं. मला तुमच्याशी भांडायचं आहे. शनिवारी बसून बोलू म्हणाला होतात. तो शनिवार तुम्ही चुकवलात.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो. डिप्लोमाच्या कागदांची पिशवी छातीशी धरून सोलापुरातल्या होटगी रस्त्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसले होते. तुम्ही गुण विचारले नाहीत. पत्ता वाचलात, पूर्व भाग, आणि म्हणालात, "तुझ्या घरामागचा नाला आज कुठल्या रंगाचा होता?" मी म्हणाले, काल हिरवा होता, आज मरून आहे, बहुतेक रंगखान्यात टॉवेलचा लॉट असेल. तुम्ही हसलात. "रोज बघतीस म्हणजे. उद्यापासून ये." माझ्या घरी तेलुगू, तुमच्या घरी कन्नड, आणि ऑफिसात दोघांची मराठी, ती दोघांचीही थोडी वाकडी. तुम्हाला राग आला की 'इल्ला' म्हणायचात, म्हणजे नाही. मला राग आला की मी गप्प व्हायचे. गप्प राहण्याची ती सवय मला नडली.

आपलं काम लोकांना सांगून समजायचं नाही. आई अजूनही शेजारणींना सांगते, पद्मा बांधकामावर असते. आपण बांधायचो नाही, आपण कामं पार पाडायचो. कोणाची शाळा, कोणाचं शेड, कोणाची पाण्याची टाकी. कधी काय होणार, कोण करणार, कुठे अडणार, याचा मोठा तक्ता भिंतीवर लावायचा आणि रोज त्याच्यापुढे उभं राहून माणसं हलवायची. दुसऱ्यांच्या तक्त्यात शेवटची ओळ असते 'हस्तांतरण'. किल्ली दिली, फीत कापली, गाडीत बसले. आपल्या तक्त्यात त्याच्याखाली आणखी तीन ओळी असायच्या. चालवणार कोण? बिघडणार काय? बिघडलं तर दुरुस्त कुठे होणार? या तीन ओळी भरल्याशिवाय तुम्ही वरच्या कामाची पहिली ओळही सुरू करू द्यायचा नाहीत. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी एकदा दिवसभर पडद्यावर चित्रं दाखवून प्रकल्प व्यवस्थापनात शाश्वतता कशी आणायची ते शिकवलं होतं. बाई चांगल्या होत्या, तुम्ही वहीभर टिपणं घेतलीत. जेवणाच्या सुटीत मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "एवढं मोठं नाव कशाला लागतं गं? आपण गेल्यावर काय, एवढंच तर इचारायचंय की."

आणि नारळ. पहिला नारळ भूमिपूजनाचा, तो पुढाऱ्यांचा. त्यात आपलं काही नसायचं, आपण टाळ्या वाजवायच्या. दुसरा नारळ आपला. काम ताब्यात देऊन वर्ष झालं की न सांगता जायचं, जीपमध्ये नारळ घेऊन. ती गोष्ट चालू असेल तर जो माणूस ती रोज चालवतो त्याच्या हातून फोडायचा. शाळेची शिपाईबाई, टाकीचा वॉलमन, शेडचा वॉचमन. फुटलेली एक करवंटी धुऊन, भोक पाडून फाइलीच्या दोरीला बांधायची आणि मगच फाइल वरच्या फळीवर. चालू नसेल तर नारळ जीपमधून परत. दुरुस्ती होईपर्यंत तो आपल्याबरोबर हिंडणार. त्या एका शाळेच्या संडासांपायी एक नारळ इतका हिंडला की आतून सुटून गोटा झाला आणि प्रत्येक खड्ड्याला खडखडायला लागला. "तो बघ, शाळा बोललाली," असं तुम्ही म्हणायचात. शेवटी नळाला पाणी आलं, शिपाईबाईंनी तो फोडला आणि आतून सुकं खोबरं निघालं. काकूंनी त्याची लसूण घालून चटणी केली, ती आपण आठवडाभर कडक भाकरीबरोबर खाल्ली. नवे लोक आले की आधी वरच्या फळीवरच्या त्या करवंट्यांच्या रांगेकडे बघायचे. मीसुद्धा आले तेव्हा तिकडेच पाहिलं होतं. पुढे सोळा वर्षं तिच्यावर विश्वास ठेवला.

आता त्या वस्तीचं बोलते.

वळसंगच्या पुढे, डांबरी सोडून आत, मेंढरंवाल्यांची ती पंचवीस-तीस घरं. सौरपंप, टाकी, तीन नळ आणि जनावरांचा हौद. छोटं काम, पण तुमचं लाडकं. चालवणाऱ्याच्या ओळीत मी सुगलाबाईंचं नाव लिहिलं होतं. पन्नाशीच्या, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं अर्धं कन्नड. हौद बांधून झाला, उद्घाटनाचा मांडव पडला, आणि आदल्या दिवशी त्या हौदाजवळ येऊन उभ्या राहिल्या. "सायब, ह्यो हौद म्हशीचा हाय. आमची मेंढरं काय शिडी लावून पितील व्हय?" ठेकेदार हसला. तुम्ही हसला नाहीत. वाकून बसलात, मेंढराच्या उंचीएवढे, आणि हौदाकडे पाहिलंत. मग फोन लावून उद्घाटन पुढे ढकललंत. मंडपवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, पाहुण्यांची नाराजी घेतली. हौद फोडून खाली घेतला आणि निघालेला सगळा मुरूम-राबिट नळापुढच्या चिखलाच्या जागी टाकून वाट केली. एक पाटीही टाकाऊ जाऊ दिली नाहीत. त्या संध्याकाळी जीपमध्ये तुम्ही म्हणालात, चूक माझी, मी बाईला आधी विचारायला हवं होतं. सर, माझ्या आयुष्यात मी पाहिलेला पहिला मोठा माणूस तुम्ही, ज्याला चूक माझी म्हणताना त्रास झाला नाही. म्हणून पुढचं जास्त लागतं.

पंपाच्या कंट्रोलरची पेटी सीलबंद होती. निधी देणाऱ्यांनी ती स्वतःच पाठवली होती. तिसऱ्या ओळीत, दुरुस्त कुठे होणार, तिथे मी लाल पेनाने लिहिलं होतं, सोलापुरात नाही. आपण त्यावर दोन दिवस वाद घातला. शेवटी तुम्ही माझ्या लाल अक्षरांखाली निळ्या पेनाने लिहिलंत, 'लक्ष ठेवणे'. निघताना मी सुगलाबाईंना सांगितलं, काही बंद पडलं तर मला सांगा, दुसरा नारळ फुटेपर्यंत हे आमचंच काम आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा दोरीने कापल्यासारखा खरखरीत होता, विहिरीच्या पोहऱ्याने.

त्याच काळात आपलं खरं भांडण झालं. निधी देणाऱ्यांना मी मोठ्या हौसेने आपल्या दुसऱ्या नारळाची गोष्ट सांगितली. त्यांना ती इतकी आवडली की म्हणाले, याचा फॉर्म करून द्या, आम्ही सगळीकडे लावू. मागचं काम वर्षभर चालल्याचा दाखला आणि फोटो असल्याशिवाय पुढचं काम मिळणार नाही. मी हरखले. मला वाटलं, आपली पद्धत आता दोन खोल्यांतून बाहेर निघाली. तुम्ही इल्ला म्हणालात. "नारळाचा फॉर्म करू नकोस पद्मा. फॉर्म झाला की माणूस फॉर्म भरतो. तिथं जाऊन बघत नाही." मी म्हणाले, सर, तुमच्यामाघारी हे कोण करणार मग? तुम्ही असे किती दिवस नारळ घेऊन हिंडणार? कागदावर आलं तर टिकेल. तुम्ही म्हणालात, कागदावर आलं तर कागद टिकेल. मी तीन दिवस गप्प राहिले, चौथ्या दिवशी फॉर्म पाठवला. तुम्ही सही केलीत, पण मान हलवत.

कोण बरोबर होतं, सर? तुम्हीच. आणि ते तुम्हीच सिद्ध करून दाखवावंत, तेही माझ्यावर?

वस्तीच्या कामाला वर्ष व्हायच्या सुमारास आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मी महिनाभर रजेवर गेले. परत आले तर फाइल वरच्या फळीवर, दोरीला नवी करवंटी. माझा चेहरा फुलला असणार. मी विचारलं, "सुगलाबाईंनी फोडला?" तुम्ही कागदावरून मान वर न करता म्हणालात, "हूं."

तेवढंच. हूं. मला तेव्हा वाटलं, सर कामात आहेत.

त्यानंतर रंगखान्यांचं काम मिळालं. तेच, ज्याची तुम्ही पंधरा वर्षं वाट पाहत होतात आणि मी जन्मापासून. पाच रंगखान्यांचं रंगाचं पाणी एकत्र आणायचं, साफ करायचं आणि पुन्हा त्यांच्याच रंगाच्या हौदांत सोडायचं, नाल्यात थेंब नाही. ते काम मी चालवलं. तुम्ही मला पुढे केलंत आणि स्वतः मागे बसलात. तिन्ही ओळी आम्ही अशा भरल्या की मीच चकित झाले. रंगखान्यातल्या कामगारांनाच टाक्या चालवायला शिकवलं, जो भाग बिघडेल तो पूर्व भागातल्या लोहारवर्कशॉपात बनेल असाच घेतला. ते काम चालू आहे. वर्ष होऊन गेलं. दुसरा नारळ खरा फुटला, माझ्या डोळ्यांदेखत, आणि त्यातला तुकडा मी आईला नेऊन दिला. आईने मागचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली आहे. माझ्या लहानपणापासून ते दार वासामुळे बंद असायचं. आता ती तिथे पाट टाकून बसते, नवे गुडघे पसरून, आणि नाल्याकडे बघत मला सांगते, आज पण रंग नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा ती त्याच दारात बसून रडली. तिच्यासाठी तुम्ही देवमाणूस. तिला मी काय सांगू?

मधल्या काळात मी काय करत होते ते तुम्हाला माहीत आहे. शिबिरांतून, सभागृहांतून मी त्या वस्तीची गोष्ट सांगत हिंडत होते. हौद फोडला तो किस्सा, सुगलाबाईंची शिडी, दुसरा नारळ. लोक टाळ्या वाजवायचे. तुम्ही कधी कधी मागच्या रांगेत बसलेले असायचात. तुम्ही मला थांबवलं नाहीत. एकदा तर परत येताना म्हणालात, चांगलं बोलतीस, पण दुसरं उदाहरण घे की, तेच तेच होतंय. मी त्यावर हसले होते.

मग ते ग्रामसेवकांचं आणि बचत गटांचं शिबिर. मी हौदापर्यंत आले होते, इतक्यात मागून एक बाई उभी राहिली. आवाजात भांडण नव्हतं, नुसती माहिती होती. "मॅडम, त्यो पंप बंद हाय की. दोन उन्हाळे झाले. बाया परत विहिरीवर जात्यात." मी म्हणाले, तुम्ही दुसऱ्या वस्तीचं बोलत असाल. ती म्हणाली, "न्हाय ओ, माजं म्हायार हाय तितं." दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. पडद्यावर तुमचा आणि सुगलाबाईंचा फोटो होता. मी तसाच पडदा बंद केला.

ऑफिसात आले तर तुम्ही डबा उघडून बसला होतात. भाकरी, शेंगाचटणी, कांदा. मी दारातच विचारलं, सर, वस्तीचा पंप बंद होता तेव्हा तुम्ही नारळ फोडलात का? तुमचा हात भाकरीवरच थांबला. खोटं बोलला नाहीत, एवढं मी तुमच्या खात्यात धरते. "बस," म्हणालात. "जेवलीस का?" मी बसले नाही. तुम्ही म्हणालात, पेटी जळली होती, नवी यायला चार महिने लागणार होते, रंगखान्यांच्या कामासाठी दाखला द्यायची मुदत आठ दिवसांवर होती. नंतर बदलून घेऊ असं वाटलं. नंतर रंगखान्यांचं काम सुरू झालं. मग लाज वाटायला लागली. "शनिवारी ये. बसून बोलू. सगळं सांगतो." मी म्हणाले, शनिवारपर्यंत मी वस्तीवर जाणार नाही, तुमचं ऐकल्यावरच जाईन. खरं सांगू तर मला सुगलाबाईंसमोर जायची भीती वाटत होती. निघताना मी आणखी एक बोलले, ते तुम्ही ऐकलंत की नाही कोण जाणे. मी म्हणाले, तुम्ही लोकांना फसवलंत तर फसवलंत, मला का फसवलंत?

शुक्रवारी तुम्हाला अर्धांगाचा झटका आला.

आठ दिवस तुम्ही त्या पलंगावर होतात, आणि तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. उजवी बाजू गेली होती. पाचव्या दिवशी काकू चहाला गेल्या तेव्हा मी तुमचा डावा हात धरला आणि म्हणाले, सर, झालं गेलं विसरा. मी पेटी बदलून घेते. माझ्या मनात काही नाही. आधी बरे व्हा. तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेचना. ओठ हलवत होतात, काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होतात. मला वाटलं, माणूस सुटला. मीसुद्धा सुटले असं वाटलं. मी पदराने तुमचे डोळे पुसले आणि बाहेर येऊन पोटभर रडले. ते माझं शेवटचं रडणं.

तुम्हाला नेलं त्या दिवशी मी तुमच्याकडे बघत होते. भस्म लावून, हार घालून तुम्हाला तुमच्या रीतीप्रमाणे समाधी द्यायला बसवलं होतं. साइटवर मीटिंगला बसायचात तसेच ताठ. मला वाटलं, आता म्हणाल, हं, पहिली ओळ वाच.

त्यानंतर पाचव्या दिवशी मी वस्तीवर गेले.

नळापुढची आपण केलेली वाट तशीच घट्ट होती. हौदात वाळलेल्या लेंड्या आणि एक फाटकी चप्पल. सुगलाबाईंनी मला लांबूनच ओळखलं. "या पद्माताई. सर गेले म्हनं." बाज टाकली, चहा ठेवला. चहाचं पाणी त्यांनी मडक्यातून वाटीने मोजून घेतलं, ते मी पाहिलं. मी म्हणाले, पंपाचं मला आत्ता कळलं. त्यांनी वाटी मडक्यावर ठेवली.

"आत्ता कळलं? तुमाला ठावं नव्हतं व्हय?"

"नाही."

"मग सर तसं का म्हणले?"

आणि मग त्यांनी सांगितलं. अगदी साधेपणाने, चुलीतलं लाकूड मागे-पुढे करत. "सर एकलेच आले हुते. नारळ घिऊन. मला म्हणले, फोडा. मी म्हणलं, नीरु इल्ल री, पानीच न्हाय, बंद पंपावर कसा फोडू? द्येव बी हसंल. तवा म्हणले, पद्मानंच पाठिवलंय मला. तिला ह्या नारळाची लई नड हाय. तिच्या आयच्या घरामागं इखारी पानी वाहतंय, ह्यो नारळ फुटला तर ते थांबंल. मग मी काय बोलू ताई? म्हणलं, तिचीबी आयच की. पर माजा हात काय उचलंना. त्येंनीच फोडला. खोबरं दिलं, मी घेतलं. लेकरांनी खाल्लं."

मी विचारलं, मला फोन का केला नाहीत? मी नंबर दिला होता.

"तुमीच पाठिवलं म्हणल्यावर तुमाला काय इचारायचं?"

सर, तुम्हाला हॉस्पिटलात मी माफ केलं ते दुसऱ्याच गुन्ह्याला. तुम्हाला तेव्हा कळत होतं ते. म्हणून ते पाणी थांबत नव्हतं. मी तुमचे डोळे पुसत होते आणि तुम्ही मला सांगू पाहत होतात की ज्याला माफ करतेस ते हे नव्हे. मी तुमच्या ओठांकडे बघून म्हणाले, बोलू नका, त्रास होईल.

दोन उन्हाळे. दोन उन्हाळे त्या बाईने विहिरीतून पोहरा ओढताना मला काय म्हटलं असेल? बहुतेक काहीच म्हटलं नसेल, हे जास्त लागतं. तिने मान्य केलं होतं. तिच्या हिशेबात मी माझ्या आईसाठी तिचं पाणी मागून घेतलं आणि तिने ते दिलं. एवढी मोठी गोष्ट तिने मला दिली आणि मला ठाऊकच नाही. मी तिची गोष्ट सांगून टाळ्या घेत होते.

आणि मी हे कधीच म्हणाले नव्हते. हो, तुम्हाला रोज सकाळी नाल्याचा रंग सांगत होते. हो, आईचं दार बंद असतं हे तुम्हाला शंभर वेळा सांगितलं असेल. पण वस्तीचं पाणी देऊन माझं दार उघडा, असं मी म्हणाले नव्हते. तुम्ही मला विचारलं असतंत तर मी काय म्हणाले असते? गेले तीन आठवडे मी स्वतःला हेच विचारते आहे. सकाळी वाटतं, मी नाही म्हणाले असते, आपण मुदत घालवली असती आणि आणखी पाच वर्षं हिरवं-मरून बघितलं असतं. संध्याकाळी आईच्या शेजारी त्या दारात बसते तेव्हा खात्री वाटत नाही. कदाचित मी हो म्हणाले असते. कदाचित मीच नारळ घेऊन गेले असते. पण ते मला कळलं असतं, सर. मी कशी आहे ते. तुम्ही हौदाच्या वेळी एका मेंढरंवालीला न विचारता बांधलं म्हणून चूक माझी म्हणालात, आणि मला न विचारता माझं नाव वापरलंत. सोळा वर्षं तुम्ही सगळ्यांना विचारायला लावलंत, वापरणाऱ्याला विचार, चालवणाऱ्याला विचार. मी तुमच्या शेजारच्या टेबलावर बसत होते.

तुमच्यावर माया होती म्हणून हा राग आहे, असं काकू म्हणतील. असेल. माया अजून आहे, ती काढून टाकता येत नाही. जेवायला बसते तेव्हा तुमचा कांदा आठवतो, मुठीने फोडलेला. साइटवर काहीही दिसलं की पहिल्यांदा मनात येतं, सरांना सांगायला हवं. मग पाठोपाठ ते हूं ऐकू येतं.

मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला डोकं खाजवायला नको. वरच्या फळीवरून फाइल उतरवली. बांधलेली फाइल उघडायची नाही हा तुमचा नियम मी मोडला. दोरी सोडून करवंटी वेगळी काढली. निधी देणाऱ्यांना पत्र लिहिलं की दाखला खोटा होता, पंप बंद होता, फॉर्म माझ्या कल्पनेचा आणि सही तुमची. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. पुढची कामं कदाचित जातील, ऑफिसातल्या नऊ जणांना मी ते बसवून सांगितलं आहे. दोघं रागावले. एक म्हणाला, मेलेल्या माणसाचं नाव कशाला काढायचं. मी म्हणाले, जिवंत बाईला पाणी नाही म्हणून.

पेटी बदलली. आता जी आहे ती सोलापुरातला मोटर वाइंडिंगवाला डोळे मिटून उघडतो. त्याला वस्तीवर नेलं, सुगलाबाईंच्या समोर ती उघडायला आणि लावायला लावली, दोनदा. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच फ्यूज काढून बसवला आणि हात झाडले. पाणी सुरू झालं तेव्हा त्यांनी आधी हौदातली चप्पल काढून फेकली. मेंढरं आली. कोणीही शिडी मागितली नाही.

मी त्यांना म्हणाले, सरांनी तुम्हाला खोटं सांगितलं, मी त्यांना पाठवलं नव्हतं. त्यांनी ओले हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं." तेवढंच. मला वाटलं होतं, त्या तुम्हाला शिव्या देतील किंवा मला मिठी मारतील. दोन्ही झालं नाही. त्या उठून नळ बंद करायला गेल्या, कारण पाणी वाया चाललं होतं.

जीपमध्ये आता नवा नारळ आहे. वर्ष जाऊ द्यायचं आहे, पहिल्यापासून, कुठलीही सूट नाही. फॉर्म नाही, फोटो नाही. पंप चालला तर सुगलाबाई फोडतील, नाही तर तो माझ्याबरोबर हिंडेल. निघताना मी त्यांना विचारलं, नारळ फुटला तर सरांसाठी एक तुकडा ठेवायचा का? समाधीवर नेऊन ठेवीन. विचारावंच लागलं. कारण तो तुकडा न्यायचा की नाही हे मला ठरवता येत नव्हतं, आणि ते ठरवायचा हक्कही माझा नव्हता.

त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आदी वरीसभर पानी चालू दे," त्या म्हणाल्या. "मग मला इचारा."

विचारीन, सर. तोपर्यंत थांबा.